ऊन पाण्याशेजारचं घर

मावशी गेल्यानंतर तिच्या लाकडी पेटीतून सात वह्या निघाल्या. लाल कापडी बांधणीच्या, लांबट, वाण्याच्या दुकानात उधारी मांडायला असायच्या तशा. जवळजवळ प्रत्येक पानावर तिने पट्टीने चार रकाने आखलेले: नाव, गाव, माणसं किती आणि ‘कशासाठी’. या शेवटच्या रकान्यात तिच्या ठसठशीत अक्षरात ओळीने लिहिलंय – गुडघे. नवस. खरूज. गुडघे. बाळंतिणीची कंबर. नवस फेडायला. नुसतेच आले.

मावशीचं सासर अकलोलीचं. भिवंडी तालुक्यात, तानसा नदीच्या काठी, वज्रेश्वरीच्या देवळापासून पायी जाण्याच्या अंतरावर. इथे नदीकाठाला आणि पात्रातही जमिनीतून गरम पाणी वर येतं. रामेश्वराच्या देवळापाशी त्याची दगडी कुंडं बांधलेली आहेत. त्या कुंडांवर अंघोळीला येणाऱ्यांना मावशीच्या सासूबाईंनी मागच्या पडवीत पथारी टाकू द्यायला सुरुवात केली. पुढे पडवीच्या दोन खोल्या झाल्या, दोनाच्या चार. दारावर पाटी कधी लागली नाही. पहिल्या वहीवर साल आहे १९५८.

मी बदलापूरला शिरगावात राहते. एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. माझ्या मावसभावाची, म्हणजे याच मावशीच्या मुलाची, मुलगी उल्हासनगरच्या कॉलेजसाठी तीन वर्षं माझ्याकडे होती. एका रात्री जेवणं आटोपल्यावर ती मोबाइल घेऊन माझ्या शेजारी येऊन बसली. “आत्या, हे बघ. आपल्यासारखंच घर आहे.” फ्रिट्झ शुमान या जर्मन छायाचित्रकाराने २०१४ साली केलेला तो एक छोटासा माहितीपट होता. जपानमधलं एक उतारघर, त्याच्या मागे बाग, बागेत शेवाळलेले दगड, आत वाफाळतं पाणी. एक वयस्कर जोडपं आणि त्यांची मुलगी. त्या घराचं वय तेराशे वर्षं आहे हे ऐकल्यावर मी तिला तो पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितला.

त्या घराचं नाव होशी. जपानच्या मुख्य बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर इशिकावा प्रांत आहे. त्यातल्या कोमात्सू शहराच्या हद्दीत आवाझू नावाचं गाव. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला उंच डोंगर, पावसाळ्यात धो धो पाऊस आणि हिवाळ्यात बर्फ. बर्फ वगळलं तर नकाशात मला ते थेट कोकणासारखं दिसलं. तिथला सगळ्यात मोठा डोंगर हाकुसान, म्हणजे पांढरा डोंगर, उंची २,७०२ मीटर. तो देवाचा डोंगर मानतात. ताइचो नावाचे बौद्ध साधू त्या डोंगरावर तप करत असताना डोंगराची देवता त्यांच्या स्वप्नात आली, अशी तिथली परंपरेची गोष्ट आहे. खाली आवाझू गावात जमिनीखाली रोग बरे करणारं पाणी आहे, गावकऱ्यांना बरोबर घेऊन ते उकरून काढ, असं देवतेने सांगितलं. पाणी निघालं. आजारी माणसांना त्यात बसवलं, त्यांना बरं वाटलं. मग ताइचोंनी आपल्या एका शिष्याला, लाकूडतोड्याच्या मुलाला, तिथेच राहायला सांगितलं. येणाऱ्यांसाठी घर बांध आणि पाणी सांभाळ, एवढंच त्याचं काम. शिष्याचं नाव गारयो. ‘होशी’ म्हणजे भिक्षू. तेच पुढे घराण्याचं आडनाव झालं. साल ७१८.

आपल्याकडे तेव्हा बदामीच्या चालुक्यांचं राज्य होतं. वेरूळचं कैलास लेणं अजून खोदायचं होतं. आमच्या शेजारचं अंबरनाथचं शिवमंदिर, ज्याच्यावर शके ९८२ म्हणजे इसवी सन १०६० चा लेख आहे, ते उभं राहायला अजून साडेतीनशे वर्षं होती.

गारयोने मुलगा दत्तक घेतला आणि घर त्याच्या हाती दिलं. त्याचं नाव झेंगोरो. तेव्हापासून त्या घराचा जो कर्ता होतो तो आपलं जन्माचं नाव बाजूला ठेवून झेंगोरो होतो. माहितीपटातले आजोबा सेहेचाळिसावे झेंगोरो. तेराशे वर्षांना सेहेचाळीस पिढ्यांनी भागलं तर दर माणसाच्या वाट्याला अठ्ठावीस वर्षं येतात. मी शाळेत नोकरी केली त्याच्याहूनही थोडी कमी. हा हिशेब मी पाठकोऱ्या कागदावर केला आणि ते मोठं वय मला एकदम हातात धरता येण्यासारखं वाटलं. माणसाने अठ्ठावीस वर्षं पाणी सांभाळायचं आणि पुढच्याच्या हाती द्यायचं, असं सेहेचाळीस वेळा झालेलं आहे.

होशीला बरीच वर्षं जगातलं सर्वांत जुनं हॉटेल म्हणून गिनीजच्या पुस्तकात जागा होती. २०११ साली ती जागा यामानाशी प्रांतातल्या केइउन्कानला मिळाली. तेही डोंगरातलं गरम पाण्याचंच घर, ७०५ सालचं. क्रमांकाची गोष्ट मला फार मोठी वाटत नाही. जगातल्या सर्वांत जुन्या उतारघरांत मोडणारी ही दोन्ही घरं झऱ्याच्या काठी असावीत, ही गोष्ट मात्र विचार करण्यासारखी आहे. रस्ते बदलतात, राजधान्या बदलतात, बाजार उठतात. आमच्या बदलापुराबद्दलही जुनी माणसं सांगतात, की सुरत आणि पुण्याच्या वाटेवर इथे घोडे बदलत, म्हणून हे बदलापूर. ती वाट मोडली आणि तो मुक्कामही मोडला. पण झरा आहे तिथेच राहतो, आणि माणसाचे गुडघे तर प्रत्येक पिढीत दुखतात.

आता आपल्याकडची गोष्ट सांगते, म्हणजे त्या रात्रीचं भाचीचं ‘आपल्यासारखंच घर आहे’ हे म्हणणं मला का पटलं, ते कळेल. चिमाजी आप्पा वसईच्या मोहिमेवर असताना त्यांचा तळ याच भागात, वडवलीला पडला होता. वज्रेश्वरीचं मूळ ठाणं त्याच्या उत्तरेला गुंज गावी होतं. ते पोर्तुगीजांनी मोडल्यावर देवी वडवलीला आणली होती. वर्षांमागून वर्षं झाली तरी वसईचा किल्ला पडेना. आप्पांनी देवीला नवस केला, किल्ला हाती आला तर तुझं देऊळ बांधीन. देवी स्वप्नात आली आणि किल्ला कसा घ्यायचा ते तिने सांगितलं, अशी आख्यायिका आहे. १७३९ च्या मे महिन्यात वसई पडली, हा इतिहास. सुभेदार शंकर केशव फडके यांनी देऊळ बांधवून घेतलं. बावन्न पायऱ्या चढून गेलं की तटबंदी आणि वर नगारखाना, म्हणजे देवळाला रूपही किल्ल्याचंच आलं. देवीची सेवा गिरी गोसावी पंथाच्या महंतांकडे आली. संन्याशाला मूल नाही, म्हणून गादी शिष्याला जायची, अशी संन्याशांची जुनी रीत. आवाझूला स्वप्न, इथेही स्वप्न. तिथे शिष्य, इथेही शिष्य. दोन्हीकडे देवाच्या जागी एक माणूस ‘इथेच राहा’ म्हणून बसवून ठेवला.

फरक त्यानंतर पडला. तिथे शिष्याच्या हाती पाणी आणि पाहुणे सोपवले, म्हणून उतारघर वाढलं. इथे शिष्याच्या हाती देवी सोपवली, म्हणून देऊळ वाढलं. पाणी देवीच्या पदराखाली राहिलं. देवीने मारलेल्या राक्षसांचं रक्त ऊन पाणी होऊन वाहतं, अशी गोष्ट मावशी आम्हाला कुंडात बसवून सांगायची आणि आम्ही पाण्यातून पाय वर घ्यायचो. कुंडांनाही देवांचीच नावं. पाहुण्यांचं मात्र कोणी नेमून दिलेलं नव्हतं. ते धर्मशाळांनी, मठांनी आणि मावशीच्या सासूबाईंसारख्या बायकांनी आपणहून पत्करलं.

पाणी का तापतं ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाववणार नाही, शिकवायची सवय आहे. ‘उन्हाळे’, ‘उन्हेरे’, ‘उन्हवरे’ ही कोकणातली गावांची नावं त्या ऊन पाण्यावरूनच पडली. उत्तरेला पालघरमधलं सातिवली, मग गणेशपुरी-अकलोली, पालीजवळचं उन्हेरे, महाडजवळचं सव, खेड-दापोलीकडची उन्हवरे, संगमेश्वराकडची अरवली, तुरळ, राजवाडी, आणि खाली राजापूरचं उन्हाळे. सह्याद्री आणि समुद्र यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत, उत्तर-दक्षिण रांगेत अशी दीडेक डझन ठिकाणं आहेत. ही रांग म्हणजे खडकातल्या भेगांची रांग. पावसाचं पाणी भेगांतून खोल जातं. जमिनीत दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी उष्णता वाढते, काही ठिकाणी जास्त. खाली तापलेलं पाणी दुसऱ्या भेगेतून दाबाने वर येतं. आपल्या काळ्या खडकाचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच वाहून थिजला, म्हणजे इथे खाली ज्वालामुखी नाही. जपानात जिवंत ज्वालामुखी आहेत, म्हणून तिथे गरम पाण्याचे झरे हजारोंनी आहेत. अकलोली-गणेशपुरीचं पाणी पन्नास अंशांच्या आसपास निघतं, खेडकडच्या उन्हवऱ्याचं सत्तरच्या जवळ जातं. पाणी खनिजांनी जड, चवीला खारट. अकलोलीला मावशी त्या पाण्यात डाळ शिजवायची नाही, त्यासाठी विहिरीचं पाणी वेगळं भरायची.

गणेशपुरी अकलोलीच्या शेजारीच, तिथे भीमेश्वराच्या देवळाजवळ कुंडं आहेत. नित्यानंद बाबा १९३६ च्या सुमारास तिथे आले आणि मग तिथेच राहिले. आसपासच्या आदिवासी पाड्यांतल्या मुलांना ते जेवू घालत. ते बालभोजन त्यांच्या नावाने अजून चालतं. दर्शनाला येणारे आधी पहाटे कुंडात अंघोळ करत आणि मग बाबांपुढे जात. १९६१ च्या ऑगस्टच्या ८ तारखेला बाबांनी देह ठेवला. मावशीच्या पहिल्या वहीत त्या आठवड्याची पानं मी पाहिली. रकाने आखलेलेच नाहीत. नुसती नावं, एकाखाली एक, दाटीवाटीने, आणि शेवटच्या रकान्याच्या जागी उभी रेघ मारून एकदाच लिहिलंय: बाबांसाठी. चार खोल्यांत, पडवीत, गोठ्यात माणसं झोपली होती. घरातल्यांनी तीन रात्री अंगणात काढल्या, असं मावशी सांगायची.

होशीसारख्या उतारघराला जपानीत ऱ्योकान म्हणतात आणि गरम पाण्याच्या झऱ्याला ओनसेन. तिथे सहसा खाट नसते. तातामीच्या, म्हणजे गवताच्या चटईच्या खोलीत रात्री गादी अंथरतात, सकाळी उचलतात. आल्या आल्या चहा, मग अंगावर युकाता हा सैल सुती झगा, मग अंघोळ, मग जेवण. भाडंही ‘एक रात्र, दोन जेवणं’ अशा बोलीने सांगतात. मावशीची बोली हीच होती: खोली आणि दोन वेळचं जेवण. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, उपास नसेल तर सुकटीची चटणी. पूर्वी जपानात भाताची कापणी झाली की शेतकरी आपल्या घरचे तांदूळ घेऊन झऱ्यावर जाऊन राहत, स्वतः रांधून खात आणि सात सात दिवसांच्या हिशेबाने अंघोळी करत. त्याला तोजी म्हणतात. मावशीकडेही वसईचं एक कुटुंब पीठ आणि सुकी मासळी घेऊनच येई. तेही आठ दिवसांच्या आत हलत नसे. “एका अंघोळीने गुडघा ऐकत नाही,” हे मावशीचं वाक्य होतं.

ऱ्योकानची खरी धनीण म्हणजे ओकामी, सहसा घराच्या मालकाची बायको. पाहुण्याला दारात नमस्कार तिने करायचा, कोणत्या खोलीत कोण, कोणाला काय पथ्य, मागच्या खेपेला काय आवडलं होतं, हे तिने लक्षात ठेवायचं. झेंगोरो हे नाव पुरुषाचं, पण घर तिच्यावर चालतं. मावशीला हा शब्द कधीच कळला नाही. सात वह्या लिहिणारी बाई दुसरं काय होती?

आता मला सर्वांत कळकळीने जे सांगायचं आहे ते अंघोळीबद्दल. ओनसेनमध्ये पाण्यात उतरण्याआधी लाकडी बुटक्या स्टुलावर बसून साबणाने सगळं अंग धुतात, फेसाचा कण राहू देत नाहीत, मग उघड्या अंगाने सामायिक कुंडात उतरतात. बहुतेक ठिकाणी पुरुषांचं वेगळं, बायकांचं वेगळं. साबण पाण्यात नाही, कपडा नाही, छोटा पंचासुद्धा बाहेर किंवा डोक्यावर. म्हणजे ते पाणी मळ काढण्यासाठी नसतंच. माणसं स्वच्छ होऊन त्यात बसायला येतात. आपल्या कुंडांत लोक साबण, शाम्पू, कधी कपड्याचा पिळा घेऊन उतरतात. कडेला रिकाम्या पुड्या पडतात. हे पाहताना माझ्या पोटात कालवतं, कारण कुंडाशेजारच्याच घरात मी दुसरी रीत पाहिली आहे. मावशीच्या मागच्या दारी मोठी दगडी मोरी होती. पाहुणा कितीही थोर असो, त्याने आधी मोरीवर अंग धुवायचं आणि मग कुंडाकडे निघायचं. तिला जपान माहीत नव्हतं. ती म्हणायची, “ते देवीचं आहे, आपली घाण तिच्या अंगावर टाकायची का?”

मावशीची ही शिस्त एका घराची होती. जपानने ती देशाची केली. १९४८ साली त्यांनी ओनसेनचा कायदा केला. कोणत्या पाण्याला ओनसेन म्हणायचं हे त्यात ठरवलं: उगमाशी किमान २५ अंश उष्णता, किंवा ठरलेल्या घटकांपैकी किमान एखादा ठरल्या प्रमाणात. विहीर खणायची तर परवानगी घ्यायची, पाण्याची तपासणी करून त्यात काय आहे ते न्हाणीघराशी लावायचं, कोणत्या आजाराच्या माणसाने उतरू नये तेही लिहायचं. शिवाय बहुतेक ठिकाणी पाहुण्याकडून माणशी १५० येन न्हाणीकर घेतात, आणि तो झऱ्यांची निगा, स्वच्छता, अग्निशमन, पर्यटन यांवर गावाने खर्च करायचा असतो. रक्कम लहान आहे, पण पाण्यात बसणारा प्रत्येक जण पाण्याच्या निगराणीला काही देऊन जातो. आपल्याकडच्या प्रत्येक उन्हाळ्याच्या गावाने हा विचार करावा असं मला मनापासून वाटतं. आणि हो, रक्तदाब, हृदयविकार असलेल्यांनी, गरोदर बायकांनी वैद्याला विचारल्याशिवाय कढत कुंडात उतरू नये. पन्नास अंशांचं पाणी कातडी भाजतं. जपानी लोक ते चाळीस-बेचाळीसवर आणूनच बसतात. मावशी नवख्या माणसाला आधी निवलेल्या कुंडावर पाठवायची आणि घटकाभराच्या वर बसू द्यायची नाही.

राहिला वारसाचा प्रश्न. तेराशे वर्षं प्रत्येक पिढीला कर्तबगार मुलगा झाला असेल का? नाही झाला. अशा वेळी जपानी घराणी मुलीसाठी नवरा शोधतात आणि त्यालाच दत्तक घेतात. तो सासऱ्याचं आडनाव लावतो, घराचा मालक होतो. आपल्याकडे घरजावयाला मान नाही, तिथे तो घराण्याचा पुढचा पुरुष. तिथली बहुतेक दत्तकविधानं मोठ्या माणसांची असतात, ती याच कारणाने. रक्तापेक्षा घराचं नाव आणि काम पुढे जाणं त्यांनी मोठं मानलं. माहितीपटात पुढची गोष्ट आहे, आणि ती पाहताना भाची गप्प झाली होती. सेहेचाळिसाव्या झेंगोरोंचा मुलगा वारला. घराची जबाबदारी मुलीवर आली. आधी तिने वेगळं आयुष्य मनात धरलेलं असणार. कॅमेऱ्यासमोर ती हळू आवाजात बोलते, तिला हे किती जड आहे ते लपवत नाही. केइउन्कानमध्ये तर बावन्न पिढ्यांनंतर २०१७ साली घराण्याबाहेरच्या माणसाने कारभार हाती घेतला, तो तिथेच वर्षानुवर्षं काम केलेला होता. पाणी बंद पडू द्यायचं नाही म्हणून.

माझी भाची एकुलती एक आहे. मावसभावाची बायको, म्हणजे आमची वहिनी, आता चारपैकी तीन खोल्या चालवते. चौथीचं छप्पर गळतं. आजूबाजूला रिसॉर्टं झाली, त्यांत पाण्याच्या घसरगुंड्या आहेत. तरुण मंडळी दिवसा येतात आणि संध्याकाळी परततात. आठ दिवस राहणारे उरले ते म्हातारे. मी भाचीला काहीही म्हटलेलं नाही. तिने ज्या घरात जन्म घेतला तिथेच तिने आयुष्य घालवावं, असं सांगायचा मला अधिकार नाही. मी स्वतः शिरगावात फ्लॅटमध्ये राहते, खिडकीतून चंदेरीचा सुळका दिसतो, आणि गीझरचं बटण दाबून अंघोळ करते.

माघात आम्ही दोघी अकलोलीला गेलो. लोकलने कल्याण, तिथून भिवंडी, मग अंबाडी नाक्यावरून एसटी. पहाटे पाचला वहिनीने उठवलं. मोरीवर बादलीने अंग धुतलं, थंडीने दात वाजत होते, तशाच ओल्या लुगड्याने कुंडाकडे गेलो. नदीवर धुकं आणि कुंडावर वाफ, दोन्ही एकात एक. कोणी एक आजोबा आमच्या आधीच काठावर पाय सोडून बसले होते. मी उतरले. पहिला क्षण सोसत नाही, मग खांद्यापासून काहीतरी सुटत जातं. भाची काठावर बसून पाण्याची पातळी बघत होती. कोणत्या दगडातून बुडबुडे येतात, कोणत्या कोपऱ्यात शेवाळ धरलंय, हे ती मला बोटाने दाखवत होती.

दुपारी तिने वहिनीकडून पत्रेवाल्याचा नंबर घेतला आणि चौथ्या खोलीच्या छपराचं माप काढलं. मोरीच्या भिंतीवर तिने खडूने मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘आधी इथे, मग कुंडात’. रंगाने नंतर लिहीन म्हणाली. मग नवी वही काढून चार रकाने आखले. चैत्र अमावास्येच्या वज्रेश्वरीच्या यात्रेसाठी दोन खोल्या फोनवरून आधीच सांगून ठेवल्या गेल्या आहेत. त्यातली एक वसईच्या कुटुंबाने घेतली आहे. त्यांच्या आजोबांचं नाव १९५८ च्या वहीत तिसऱ्या पानावर सापडलं, पुढे माणसं सात आणि ‘कशासाठी’च्या रकान्यात गुडघे.